‘पंप गेला’ म्हणणाऱ्यांत मीही होतो

९ जानेवारीला दुपारी रानाच्या कडेला वळताना ट्रॅक्टरमागचा कल्टिव्हेटर वर आलाच नाही. सकाळपासून लिफ्ट जरा जड चालली होती, पण चालली होती. दुपारी मात्र लिव्हर पार वर ओढला तरी फण वीतभर उचलायचे आणि लटकत राहायचे. इंजिन बंद केलं, तर मिनिटाच्या आत कल्टिव्हेटर हळूहळू जमिनीवर येऊन बसला. तासाभराने तेल निवलं तेव्हा तीच लिफ्ट काही झालंच नसल्यासारखी झटकन वर गेली. पुन्हा तास-दोन तास काम केलं की पुन्हा तेच.

ट्रॅक्टर अण्णांच्या काळातला आहे. लिफ्ट फर्ग्युसन पद्धतीची, म्हणजे हायड्रोलिकचा, तेलाच्या दाबाने अवजार उचलणारा, पंप बाहेर कुठे दिसत नाही. तो ट्रॅक्टरच्या पोटात, तेलात बुडालेला असतो. गीअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट या तिघांचं तेल एकच. त्यामुळे दुखणं कुठेही असलं तरी ते पोटातलं दुखणं. बाहेरून चाचपून फारसं काही कळत नाही.

ज्याला विचारलं तो म्हणाला, ‘पंप गेला.’ मलाही तेच वाटलं. लिफ्ट उचलत नाही म्हणजे दाब नाही, दाब नाही म्हणजे पंप नाही, इतकं सरळ. १२ जानेवारीला मी दुरुस्त केलेल्या पंपाची चौकशीही केली. तिथे अटी होत्या: आधी पूर्ण रक्कम भरायची, जुना पंप ठरलेल्या मुदतीत परत द्यायचा, त्याच्या बॉडीला तडा नको, एकही भाग काढलेला नको. अट मोडली तर जुन्या पंपापोटी घेतलेली अनामत बुडणार. शिवाय ट्रॅक्टरचा अनुक्रमांक लागतो, तोही पाटीवरचा. आमच्या पाटीवर रंगाचे तीन थर होते. पातळ थिनर आणि जुना टूथब्रश घेऊन ती पाटी साफ करण्यात एक संध्याकाळ गेली. आज मागे वळून पाहताना त्या पंपाबाबत मी केलेलं एकमेव शहाणपणाचं काम ते, कारण तो अनुक्रमांक पुढे सतत लागला. तुमच्याकडे जुना ट्रॅक्टर असेल तर पाटी आजच साफ करा आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

ऑर्डर द्यायच्या आदल्या सकाळी आणखी एक प्रकार घडला. ट्रॅक्टर चालू केला, लिव्हर ओढला, लिफ्ट जागची हलली नाही. गार तेलावरही नाही. पोटात गोळा आला. पाव तास मी उगाच खाली-वर वाकून बघत होतो. मग धाकट्या भावाने शांतपणे विचारलं, ‘दादा, पीटीओचा लिव्हर बघितलास का?’ तो सुटलेला होता. या पद्धतीत पंप पीटीओच्याच, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजारांना देणाऱ्या, शाफ्टवर फिरतो. लिव्हर न्यूट्रलला असेल तर पंपही बंद. मी ज्याला पंपाचा शेवटचा श्वास समजत होतो तो कुणाचा तरी गुडघा लागून हललेला लिव्हर होता.

त्या फजितीचा एक फायदा झाला. ऑर्डर थांबवली आणि ठरवलं की फुकट आणि स्वस्त ते आधी, पोट फाडणं सगळ्यात शेवटी.

१४ जानेवारीला तेल बघितलं. ट्रॅक्टर सपाट जागेवर, लिफ्टचे हात खाली, इंजिन बंद करून थोडा वेळ जाऊ दिला आणि मग डिपस्टिक काढली. लेव्हल बरोबर होती, रंग नव्हता. तेल दुधाळ झालं होतं, म्हणजे त्यात पाणी होतं. पाणी आलं कुठून हे शोधायला लांब जावं लागलं नाही. गीअर लिव्हरच्या बुडाशी असलेला रबरी बूट फाटला होता. ट्रॅक्टर उघड्यावर उभा असतो आणि पाऊस त्या फटीतून थेट पोटात उतरतो.

तेल गरम असतानाच प्लग काढला, म्हणजे गाळ तळाशी न बसता तेलाबरोबर बाहेर येतो. रात्रभर निथळू दिलं. आधी आलं ते पाणी, मग पिवळट साय, मग तेल. सगळं मिळून तीसेक लिटर. पंपाच्या तोंडाची गाळणी काढली तर तिच्यावर चिकट जेलीसारखा थर. ती रॉकेलमध्ये धुऊन, हवेने सुकवून बसवली. नवं तेल पुस्तकात लिहिलंय त्याच प्रकारचं भरलं. याबाबतीत ‘कुठलंही चालतं’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. हेच तेल गीअरही सांभाळतं आणि लिफ्टही.

फरक पडला, पण अर्धा. आधी लिफ्ट उचलताना पोटातून किंचाळल्यासारखा आवाज यायचा, तो बंद झाला. गाळणी तुंबल्याने पंपाला तेल ओढता येत नव्हतं, त्याचा तो आवाज. मात्र तेल तापल्यावर फण पुन्हा खाली. नव्या तेलाचा खर्च करून मी जवळजवळ तिथेच उभा होतो. १९ जानेवारीच्या संध्याकाळी मी खरोखर वैतागलो होतो. कल्टिव्हेटरची पुढची पाळी तोंडावर आलेली, आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागायला जायचं म्हणजे रोज कुणाच्या तरी दारात उभं राहायचं.

त्या आठवड्यात एकच काम केलं: नीट बघणं. अण्णा एक गोष्ट नेहमी सांगतात की यंत्र बोलत असतं, आपणच मध्ये बोलतो. कल्टिव्हेटर वर उचलून, इंजिन चालू ठेवून, लिव्हर एका जागी सोडून दिला आणि घड्याळ धरून उभा राहिलो. कल्टिव्हेटर हळूच बोटभर खाली यायचा आणि झटका देऊन पुन्हा वर जायचा. मान डोलावल्यासारखा, दर पाच-सहा सेकंदांनी. तेल जितकं तापलेलं, तितकं डोलणं जलद.

हे डोलणं म्हणजे काय ते मला नंतर कळलं, पण सांगतो इथेच. लिफ्ट वर असताना तिच्या सिलिंडरमध्ये तेल कोंडलेलं असतं. ते कुठूनतरी गळतं, हात खाली येतात. हात ठरल्या जागेवरून खाली आले की आतल्या दांड्या व्हॉल्व्ह उघडतात आणि पंप पुन्हा तेल भरतो. डोलण्याचा वेग म्हणजे गळतीचा वेग. आणि इंजिन बंद केल्यावरही भार खाली येत असेल, तर त्या क्षणी पंप काहीच करत नसतो. कोंडलेलं तेल निसटत असतं. गरम तेल पातळ होतं, म्हणून बारीक फटीतूनही भसाभस जातं. गार असताना तीच फट तेलाला अडवते. माझ्या ट्रॅक्टरने हे सगळं पहिल्या दिवशीच दाखवलं होतं.

तरीही गळती पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये आहे, पंपाचं तेल वर नेणाऱ्या मधल्या उभ्या नळीच्या ओ-रिंगमध्ये (तेल अडवणाऱ्या रबरी कडीत) आहे की सिलिंडरमध्ये, हे डोलण्यावरून कळत नाही. दोन्ही लिव्हर आलटून पालटून बघितले. ही पद्धत काढणाऱ्या हॅरी फर्ग्युसनने १९२६ साली ज्या कल्पनेचं पेटंट मिळवलं तिचा गाभा असा की अवजाराला जमिनीत बसणारी ओढच लिफ्टला हुकूम देते. माती घट्ट लागली की टॉप लिंक, म्हणजे अवजाराला ट्रॅक्टरशी जोडणारा वरचा दांडा, मागून स्प्रिंग दाबते आणि व्हॉल्व्ह हलतो. तो एक लिव्हर, ड्राफ्टचा. दुसरा अवजार ठरल्या उंचीवर धरणारा, पोझिशनचा. दोन्हींवर दुखणं सारखंच आलं. म्हणजे दांड्यांच्या जुळणीचा दोष असण्याची शक्यता कमी.

२७ जानेवारीला एका वयस्कर मेस्त्रींना घरी आणलं. आता ते काम करत नाहीत, फक्त सांगायला येतात. मी म्हणालो, ‘मेस्त्री, पंप बदलायचाय, तेवढं बघा.’ ते म्हणाले, ‘दादा, तुम्ही डॉक्टरकडे जाऊन ऑपरेशनच मागताय. आधी ताप तर मोजू.’ पिशवीतून दाबमापक काढला.

पहिलं मोजमाप सगळं जोडलेलं असताना, वरच्या झाकणातल्या प्लगच्या जागी गेज लावून. तेल कामासारखं तापवून घेतलं, लिव्हर पूर्ण वर. काटा चौदाशे पीएसआयच्या (हे दाबाचं माप) आसपास जाऊन थरथरत राहिला. हवा होता अडीच हजाराच्या जवळ. ‘बघा, पंपच,’ मी म्हणालो. मेस्त्रींनी उत्तर दिलं नाही. त्यांनी उभ्या नळीच्या डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या जागी गेज बसवलेली एक जाड पट्टी आवळली. आता पंपाचं तेल नळीतून वर येणार, पण सिलिंडरकडे जाणार नाही. पंपाला एकटं पाडलं. पुन्हा चालू केलं, लिव्हर वर, काटा सरळ चोवीसशेच्या पुढे. दोन सेकंद रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे जास्तीचा दाब सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हचा, आवाज ऐकला आणि लगेच लिव्हर खाली. तो आवाज जास्त वेळ चालू ठेवायचा नसतो.

पंप ठणठणीत होता. व्हॉल्व्ह आणि नळीही. गळती त्यांच्या पुढे, सिलिंडरच्या बाजूला. म्हणजे आग रामेश्वरी आणि मी बंब नेत होतो सोमेश्वरी, तोही आगाऊ पैसे भरून.

हा गेज तुमच्याकडे नसेल तर भाड्याने, उसना, कसाही मिळवा. दोन मोजमापांना मिळून दीड तास लागला, त्यातही तेल तापवण्यात जास्त.

३१ जानेवारीला खात्री करून घेतली. तेल थोडं स्वच्छ ड्रममध्ये उतरवलं, म्हणजे बाजूचं झाकण उघडल्यावर ते सांडत नाही. ड्रमवर कापड बांधून ठेवा; नवं तेल आहे, पुन्हा वापरता येतं. कल्टिव्हेटर वर उचलून त्याच्या सांगाड्याखाली लाकडी ठोकळे रचले, किंचित मोकळे, म्हणजे भार लिफ्टवर राहतो पण चुकून सुटला तर ठोकळ्यांवर बसतो. चाकांना दगड. मग इंजिन बंद करून बाजूच्या खिडकीतून बॅटरीचा झोत टाकला. वर, सिलिंडर जिथे झाकणाला चिकटतो तिथून, तेलाचा पातळ पंखा उडत होता. मोराच्या पिसासारखा. इतक्या दिवसांचा त्रास आणि त्या क्षणी मला ते सुंदर दिसलं, हे कबूल करतो.

त्या पंख्याजवळ बोट नेऊ नका. एवढ्या दाबाचं तेल सुईसारखं कातडीत शिरतं. वरून टोचल्याएवढी खूण दिसते आणि आतून हात जाऊ शकतो. तसं झालंच तर दुखत नसलं तरी ताबडतोब दवाखाना. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरायचा.

२ फेब्रुवारीला रिंगा आणि ओ-रिंगांचा किट मागवला. अनुक्रमांक दिला, पार्ट नंबर दिला. कळलं की तो नंबर बंद होऊन त्याच्या जागी दुसरा आला आहे, आणि दुसऱ्याच्या जागी तिसरा. ११ दिवसांनी, १३ तारखेला किट आला. मी उत्साहात पिशवी फोडली.

१४ फेब्रुवारीला वरचं झाकण उतरवलं. सीट काढली, टॉप लिंक आणि लिफ्टच्या उभ्या दांड्या सोडवल्या. झाकण उचलण्याआधी उभी नळी वर ओढून काढायची, हे मेस्त्रींनी तीनदा बजावलं होतं. ती तशीच राहिली तर झाकण उचलताना वाकते. झाकण, त्याला खाली लटकलेला सिलिंडर, वर लिफ्टचे हात, हे सगळं मिळून एका माणसाचं काम नाही, दोघांचंही नाही. आम्ही भक्कम आडव्या तुळईला चेन पुली बांधली. झाकण चिकटलं होतं. छिन्नी घुसवायचा मोह झाला, पण झाकण जिथे टेकतं तो चेहरा एकदा खरवडला की कायमचा गळतो. लाकडी हातोडीने चारी बाजूंनी ठोकत राहिलो. विसाव्या मिनिटाला ‘चट्’ असा आवाज आला.

सिलिंडरचे बोल्ट काढले आणि गुन्हेगार हातात आला. नाण्याएवढी ओ-रिंग. एका बाजूने पार चपटी, नखाने दाबली तर लाकडासारखी कडक, आणि एके ठिकाणी चिरलेली. पंपाच्या किमतीत असल्या रिंगा वाटीभर आल्या असत्या. पिस्टनच्या रिंगाही झिजल्या होत्या, पण सिलिंडरच्या आत नख फिरवलं तर कुठे अडलं नाही, म्हणजे तो वापरता येणार होता.

आणि नव्या रिंगा पिस्टनवर बसेनात. या पद्धतीच्या ट्रॅक्टरांत सिलिंडर दोन मापांचे आले. जुना लहान, नंतरचा मोठा. आमचा ट्रॅक्टर अनुक्रमांकाने मोठ्या मापाचा, पण कधीकाळी कुणीतरी आख्खा सिलिंडरच बदलून लहान बसवला होता. अण्णांना विचारलं तर म्हणाले, ‘अरे हो, एकदा केलं होतं खरं.’ कधी, ते आठवेना.

परतीच्या फॉर्ममध्ये तीन गोष्टी हव्या होत्या: मूळ बिल, चूक कुणाची याचं लेखी कारण आणि न फोडलेली पिशवी. तिसरी माझ्याकडे नव्हती. तो किट अजून फळीवर पडून आहे. झाकण उघडून, व्हर्निअरने (बारीक माप घेण्याच्या पट्टीने) माप घेऊन मगच मागवायला हवं होतं. १६ तारखेला दुसरा मागवला आणि तो यायला १७ दिवस लागले. तोवर ट्रॅक्टरचं पोट उघडं. वर स्वच्छ चादर, तिच्यावर प्लॅस्टिक, कडेने दोरी. अण्णा येता-जाता त्या चादरीकडे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

७ मार्चला जुळणी. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ दिली नाहीत, ओ-रिंग खाचेतून निसटू नये म्हणून तिला ग्रीसचं बोट लावलं. धागे सुटणारं कापड आत नेलं नाही. झाकण खाली सोडलं, नवं पॅकिंग, बोल्ट तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळले. रात्री छान झोप लागली.

८ मार्चला सुरू केलं. नशीब की मागे अवजार जोडलं नव्हतं. लिफ्टचे हात सुटले ते थेट वर, रिलीफ व्हॉल्व्ह ओरडायला लागला, आणि लिव्हर खाली केला तरी हात खाली येईनात. इंजिन बंद केलं आणि बांधावर जाऊन बसलो. भाऊ पाण्याची बाटली घेऊन आला आणि शेजारी बसला, तोही गप्प.

बाजूची खिडकी उघडून बघितली तेव्हा कारण सरळ होतं. झाकणाखाली लोंबणाऱ्या दोन दांड्या पंपाच्या व्हॉल्व्हवरच्या रोलरांशी जुळायला हव्यात. आमची एक दांडी रोलरच्या चुकीच्या बाजूला पडली होती. व्हॉल्व्हला ‘थांब’ सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. मेस्त्रींना फोन केला तर त्यांनी विचारलं, ‘झाकण सोडताना खिडकी उघडी होती ना?’ नव्हती. मी नीटनेटकेपणा म्हणून ती आधीच लावून टाकली होती. झाकण बसेपर्यंत खिडकी उघडी ठेवायची, एकाने पुली सोडायची, दुसऱ्याने आत बघत लांब स्क्रूड्रायव्हरने दांड्या जागेवर न्यायच्या. बोटं घालायची नाहीत.

पुन्हा झाकण काढायचं म्हणजे पॅकिंगही नवं. मी एकच आणलं होतं. ते मिळेपर्यंत आणखी आठवडा गेला. पॅकिंग दोन मागवा.

१५ मार्चला दुसऱ्यांदा झाकण बसलं, या वेळी भाऊ खिडकीशी. लिव्हर वर, हात वर. लिव्हर खाली, हात खाली. आम्ही दोघांनी ते वीस-पंचवीस वेळा केलं, लहान मुलांसारखं. मग वरच्या टोकाला रिलीफ व्हॉल्व्ह ओरडण्याआधीच हात थांबतील अशी पोझिशनची जुळणी केली आणि मगच कल्टिव्हेटर जोडला.

२१ मार्चला दिवसभर काम करून तेल चांगलं तापल्यावर शेवटची परीक्षा घेतली. कल्टिव्हेटर पूर्ण वर, इंजिन बंद, मागे पट्टी उभी करून खडूने खूण. जानेवारीत तो मिनिटाच्या आत जमिनीवर येत होता. अर्ध्या तासाने बघितलं तर खूण जेमतेम दोन बोटं सरकली होती. मेस्त्री म्हणाले, एवढं या वयाला चालतं. अण्णांनी ट्रॅक्टरला एक फेरी मारली, खडूच्या खुणेकडे बघितलं आणि गीअर लिव्हरपाशी वाकले.

‘हा बूट अजून फाटकाच आहे,’ ते म्हणाले.

तो दुसऱ्या दिवशी बदलला. पाच मिनिटांचं काम होतं.